सिस्टर, आधी नवऱ्याला बाहेर पाठवा

प्रश्न: ताई, मी सोलापुरात एका खाजगी हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला आहे. डोळा काळानिळा झालेली बाई येते, म्हणते बाथरूममध्ये पाय घसरला, आणि नवरा शेजारी उभा राहून सगळी उत्तरं स्वतःच देतो. सीनियर म्हणतात घरगुती मॅटर आहे, टाके घाला न सोडा. आम्ही विचारलं तर आम्हीच अडकणार नाही ना?
– एक सिस्टर

उत्तर: नाही अडकणार. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातलं कलम 4 सीनियरना दाखवा, चांगल्या हेतूनं संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली सरकारनं नेमलेला अधिकारी) माहिती दिली तर कसलीही जबाबदारी येत नाही, आणि बाईनं मदत मागितली तर कलम 7 नुसार उपचार द्यावेच लागतात.

पण कायदा नंतर, आधी नवऱ्याला बाहेर काढा. भांडून नाही हं, "तेवढा केसपेपर काढून आणा" एवढं पुरतं. सासू-नणंद पण बाहेर. आपल्याकडं पूर्व भागातल्या कितीतरी बायका घरात तेलुगूच बोलतात, मग सासू दुभाषी बनते आणि तिथंच सगळं दाबलं जातं, म्हणून तेलुगू येणारी सिस्टर बोलवा, वॉर्डातल्या मावशी पण चालतील, फक्त त्या तिच्याच गल्लीतल्या नसाव्यात!

मग सरळ विचारा, "कुणी मारलं का? घरी जायची भीती वाटते का?" गळा दाबला होता का हे वेगळं विचाराच, कारण वळ नसला तरी आवाज बसलेला असेल, गिळताना दुखत असेल तर ते जिवावरचं असू शकतं, डॉक्टरांना लगेच सांगायचं. "तू काय बोललीस त्याला" असलं विचारू नका. "पोरांकडं बघून सहन कर" नको तसं "सोडून दे त्याला" पण नको, घर सोडतानाच मारहाण वाढायचा धोका असतो, ते तिचं तिला ठरवू दे. आज घरी जाणं सेफ आहे का, नसेल तर कुणाकडं जाता येईल, एवढं मात्र बोलून घ्या.

पेपरवर तिचेच शब्द लिहा, "नवऱ्याने पट्ट्याने मारल्याचे सांगते", जखम कुठं, केवढी. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, होणार असेल तर तिला आधी सांगा, ती घाबरते. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर तोंडपाठ करायला सांगा, चिठ्ठीवर नको, चिठ्ठी नवऱ्याच्या खिशात जाते.

नाही म्हणाली तर खोदून विचारू नका. टाके काढायला येईल ना, तेव्हा परत नवऱ्याला केसपेपरच्या लायनीत पाठवा.