मुंबई ते न्यूअर्क: 14 तासांचे 16 कसे होतात

आई मुंबईहून न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कला जाणार, अंतरावरून 14 तास येतात, मग तिकिटावर वेगळेच आकडे का, असं तुम्ही विचारलंत. तुमचं गणित बरोबर आहे. 12,550 किलोमीटरला ताशी 900 ने भागलं की 14 तासच येतात. आणि आईच्या तिकिटावर जाताना 16, येताना पावणेपंधरा. वर निघणार रात्री दीडला नि पोचणार त्याच सकाळी सातला. गोंधळ होणारच.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा. भिंतीवरचा नकाशा बघून वाटतं, विमान अरबस्तानावरून सरळ पश्चिमेला जाईल. दोरा मात्र कच्छ, सिंध, अफगाणिस्तान करत सेंट पीटर्सबर्गजवळून जातो आणि आइसलँडवरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी उतरतो. तुम्हाला नेटवर दिसलेले 12,550 म्हणजे हा दोरा. तो विमानाला मिळेलच असं नाही. 24 एप्रिल 2025 ला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा पहिल्याच टप्प्यात वळसा आला. अमेरिकी कंपन्यांना 2022 पासून रशियावरून जाता येत नाही.

पण खरी गंमत वाऱ्याची. विमानाचे 900 हे भोवतालच्या हवेच्या तुलनेत. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत वाहतो, हिवाळ्यात जास्तच. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. समोरच्या स्क्रीनवर जमिनीवरचा वेग दिसतो, तो आईला बघायला सांगा. मी जाताना 820 पाहिलाय आणि परतताना 1,080.

या झोतापायी एअर इंडियाने 2016 च्या ऑक्टोबरात दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे झोताच्याच दिशेने पूर्वेकडे न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे 1,400 किलोमीटरने वाढून 15,300 झालं आणि वेळ उलट कमी झाला, साडेचौदा तासांवर आला! म्हणून नुसत्या किलोमीटरवरून तास काढू नयेत. शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंतचं रांगत जाणंही धरलेलं असतं.

आता दीड ते सात. थंडीत न्यूअर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ. दीडला निघून 16 तासांनी आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजतात, म्हणजे तिथे सकाळचे सात. आईच्या मधुमेहाच्या गोळ्यांचं विचारलंयत, तर डॉक्टरांपुढे हे खरे 16 तास मांडा आणि वेळापत्रक त्यांच्याकडूनच लिहून घ्या. तिकिटावरच्या दीड आणि सातवरून साडेपाच तासांचा प्रवास समजू नका.

आणि एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. तिकिटावर 12 तारीख, रात्री 1:30 असेल तर घरातून 11 च्या संध्याकाळी निघायचं. आमचे काका 12 ला रात्रीचं जेवण उरकून, बॅगांना दोऱ्या बांधून थाटात विमानतळावर पोचले होते. विमान आदल्या रात्रीच गेलेलं.