सायकलने ऑफिसला जायचं ठरवलंय? मग आधी एवढं करा

स्कूटर लगेच विकू नका. कोथरूड ते शिवाजीनगर सहा-सात किलोमीटर आहे. सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवस सायकल काढा आणि रस्ता रविवारी एकदा चालवून बघा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यामुळे दोन दिवसही वाया जात नाहीत.

बरेच जण सायकल सोडतात ते गुडघे दुखतात म्हणून, आणि त्याचं कारण बऱ्याचदा खाली ठेवलेली सीट असतं. पेडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. चढावर हलका गिअर आधीच टाका. पेडलवर जोर देत टाकलात तर चेन उतरू शकते.

हवा दर आठवड्याला बघा. 35-38 मिमी रुंद टायरला 50-60 पीएसआय पुरते. कमी हवेत खड्ड्यात चाक आपटलं की ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट हळूच फिरवा, नाहीतर रुतलेला काटा तीही फोडेल.

पावसाळ्यात दोन्ही मडगार्ड हवेतच. चेन पुसून प्रत्येक कडीवर एकच थेंब चेनचं तेल सोडा. इंजिन ऑइल नको, त्याला धूळ चिकटते. सॅक पाठीवर घेतली तर घामाने शर्ट भिजतो. बॅग कॅरिअरला लावा. ऑफिसात एक शर्ट कायम ठेवा.