अनवॉरंटेड: वॉरंटी संपलेला नव्हे

राजारामपुरीतल्या भाच्याला साहेबांचा मेल आला : 'युवर रिमार्क्स वेअर अनवॉरंटेड.' त्याने मला विचारलं, "मामा, माझ्या बोलण्याला वॉरंटी न्हाई म्हणत्यात का?"

हसू आलं, पण पोरगं फार चुकलेलं नाही. वॉरंटी आणि वॉरंट सख्खी भावंडं आहेत आणि गॅरंटीही त्यांच्याच घरातली. नॉर्मंडीकडच्या फ्रेंचमध्ये 'व' टिकला, पॅरिसकडच्या फ्रेंचमध्ये त्याचा 'ग' झाला. 1066 नंतर नॉर्मन लोक इंग्लंडात आले, त्यांच्या मागोमाग वॉरंट आलं आणि पुढे दुसऱ्या वाटेने गॅरंटी. वॉर्ड आणि गार्ड ही जोडीही एकाच मुळातली, फक्त वॉर्ड इंग्रजीत आधीपासूनच होता. म्हणजे भाच्याच्या पत्त्यातला 'ई वॉर्ड' आणि सोसायटीच्या गेटवरचा गार्ड नात्यातलेच निघाले! मोबाइलच्या दुकानात "गॅरंटी न्हाई, वॉरंटी हाय" असं ऐकवतात, तेव्हा एकाच शब्दाची दोन रूपं भांडत असतात.

मूळ अर्थ आधार देणे, हमी घेणे. त्यावरून वॉरंट म्हणजे अधिकारपत्र आणि वॉरंटेड म्हणजे ज्याला पुरेसा आधार आहे ते. तो आधार नसला की अनवॉरंटेड. इथे कागदावरच्या वॉरंटाशी घोटाळा करू नये. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस विनावॉरंट अटक करू शकतात. ती अटक विनावॉरंट असूनही अनवॉरंटेड नसेल, कारण तिला कायद्याचा आधार आहे. अनवॉन्टेड, म्हणजे नकोसा, हा तर निराळाच शब्द. घाईत वाचताना मात्र डोळे फसतात.

मराठीत सरसकट 'विनाकारण' लिहितात, ते मला पटत नाही. कारण असतंच की. भाचा चिडला, कारण त्याचं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं होतं. पण चारचौघांत टोमणा मारण्याइतकं ते पुरेसं होतं का, एवढाच साहेबांचा सवाल. घडण पाहिली तर 'नाहक' सर्वांत जवळचा : ना आणि हक्क, म्हणजे अधिकार नसताना. पण आज आपण नाहक त्रास, नाहक बळी असंच म्हणतो. त्यात हक्कापेक्षा सोसणाऱ्याची कीवच जास्त ऐकू येते. टीकेला किंवा भीतीला 'अनाठायी' चपखल बसतो, निष्कर्षाला 'निराधार'. दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ असेल, तर मी 'अनधिकार' म्हणेन. थोडक्यात, पुढचं नाम बघायचं आणि मग शब्द उचलायचा.

तर भाच्या, साहेबांचं म्हणणं पुस्तकी मराठीत 'तुमचे शेरे अनाठायी होते.' आणि आपल्याकडच्या भाषेत, "तुला काय गरज हुती रं बोलायची?"