‘वेंड’ गेला कुठे?

प्रश्न असा आहे: एका जुन्या इंग्रजी गोष्टीत ‘दे वेंडेड देअर वे होम’ असं वाक्य भेटलं. हे ‘वेंड’ म्हणजे जाणंच का?

जाणंच, पण वळणावळणाने. मुळात वेंड म्हणजे वळणं, वळवणं. घड्याळाला किल्ली देतात त्या ‘वाइंड’चं हे भावंड. जर्मनीत गाडी चुकीच्या रस्त्याला लागली की नॅव्हिगेशनवाली बाई आजही ‘बिटं वेंडन’ म्हणते, म्हणजे मागे वळा. वळण्यातून जाणं कसं निघालं, हे मराठी माणसाला समजावायला नको. ‘दिवेलागणीला पावलं घराकडे वळली’ असं आपण म्हणतो तेव्हा कोणी जागच्या जागी गिरकी घेत नाही, चालू लागतो. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरच्या काव्यातले यात्रेकरू कँटरबरीला ‘वेंड’ करतात, तेही असंच.

खरी गंमत पुढे आहे. सेंडचं सेंट, बेंडचं बेंट, तसं वेंडचं वेंट. हो, शाळेत ‘गो-वेंट-गॉन’ घोकताना मधे बसलेला तो परका पाहुणा हाच! ‘गो’चा जुना भूतकाळ ‘एओदे’ असा काहीतरी होता, आणि तोही ‘गो’च्या रक्ताचा नव्हता. तो मागे पडला आणि इंग्रजीने शेजारच्या वेंडचा भूतकाळ उचलला. स्कॉटलंडच्या बोलीने मात्र ‘गो’पासूनच ‘गेड’ बनवलं. इकडे बिचाऱ्या वेंडला स्वतःसाठी नवा ‘वेंडेड’ शिवून घ्यावा लागला.

इंग्रजांना हसण्याआधी आपलं ‘जातो-गेला’ बघा. ‘जातो’मधला ‘जा’ संस्कृत ‘या’ धातूचा, ‘याति’मधला, ‘गेला’ मात्र ‘गम्’चा, ‘गत’वरून आलेला. तीच उसनवारी. ‘आहे-होता’चीही तीच कथा, एक ‘अस्’चा, दुसरा ‘भू’चा.

आज वेंड एकटा फारसा फिरत नाही, ‘वे’चा हात धरूनच येतो, आणि त्यात घाई नसते. ऑफिसच्या मीटिंगला कोणी वेंड करत नाही. केलंच तर ते थट्टेत. तुमच्या वाक्याचं भाषांतर मी ‘ते घरी गेले’ असं करणार नाही. ‘रमतगमत घराकडे वळले’ म्हणेन.