लॅटिन क्लब घ्यायला निघालेल्या मुलीला पत्र

अगं, तुझा मेसेज वाचला. सरकारी शाळा, शाळा सुटल्यावरचा क्लब, अकरा-बारा वर्षांची पोरं. घे, नक्की घे. इंग्लंडमधे या वयाच्या मुलांना लॅटिन शिकवणाऱ्या सरकारी शाळा जेमतेम २.७ टक्के आणि फीवाल्या खासगी ४९ टक्के, हे २०२१ मधे सरकारनेच सांगितलं, लॅटिनसाठी ४० लाख पौंडांची स्कीम काढली आणि फेब्रुवारी २०२५ मधे ऐन शाळेच्या वर्षात पैसे थांबवले. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी क्लब आहे तर लॅटिन आहे, नाहीतर नाही.

आता मुद्द्याचं. तुझं संस्कृत पक्कं, म्हणजे पहिल्याच तासाला फळ्यावर तक्ता काढून रामः रामौ रामाः च्या चालीत पुएल्ला (मुलगी), पुएल्लाम (मुलीला) म्हणून घ्यायचा मोह तुला होणारच. आवर. पाठांतराला माझा अजिबात विरोध नाही, पण शब्दाच्या शेवटाकडे बघायची गरज मुलांना आधी वाटू दे. इंग्रजीत वाढलेलं पोर शब्दांचे अर्थ गोळा करतं, अंदाजाने गोष्ट जुळवतं आणि पुढे जातं. 'कानिस विरुम मोर्देत' म्हणजे कुत्रा माणसाला चावतो, बरोबर, पण 'कानेम विर मोर्देत', म्हणजे माणूस कुत्र्याला चावतो, दिलंस तरी ते बिनधास्त तेच लिहिणार, कारण माणूस कशाला कुत्र्याला चावेल? म्हणून जिथे अंदाज कामाला येत नाही अशी वाक्यं मुद्दाम बनव. गुलाम मालकाला हाक मारतो, मालक गुलामाला हाक मारतो, दोन्ही शक्य आहे ना, मग आता प्रत्यय बघितल्याशिवाय सुटका नाही. दोघांना उभं करून अभिनय करायला लाव, चुकलं की बाकीचा वर्गच ओरडतो. ज्यांच्या घरी पोलिश, गुजराती, मराठी बोलतात ती पोरं हे लवकर पकडतात असं मला तरी दिसलंय, त्यांना बोलतं कर.

आणि 'आधी क्रियापद शोधा, मग कर्ता शोधा' ही जी शोधाशोध इथे बरेच जण शिकवतात ती तू शिकवू नकोस. वाक्य जसं येतं तसं वाचायचं, 'कानेम' आलं की थांबून विचारायचं, कुत्र्याला... पुढे काय? आपण मराठी ऐकताना हेच करतो की. सुरुवातीला वेळ जातो, पण पुढे लांब वाक्यांना पोरं घाबरत नाहीत.

पुस्तक बहुतेक केंब्रिज लॅटिन कोर्स असेल, १९७० पासून चालतंय. पाँपेई या ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या रोमन शहरातला काइकिलिउस आणि त्याचं घर, मुलं गुंततातच. तो खराखुरा माणूस होता, सावकारी-लिलाव करायचा, १८७५ मधे त्याच्या घरात हिशोबाच्या लाकडी पाट्या सापडल्या, हे सांगच. पण एक गोष्ट, जुन्या आवृत्त्यांमधले गुलाम फारच मजेत दिसतात. २०२२ च्या नव्या आवृत्तीत बरंच सुधारलंय, लुकिआ नावाची मुलगीही आणलीये, पण शाळेच्या कपाटात जुन्याच प्रती निघतील. गुलामगिरीबद्दल पोरं विचारतील तेव्हा 'चला, पुढचं वाक्य' करू नकोस, दहा मिनिटं गेली तर गेली.

पाँपेईचा कंटाळा आला की विंडोलांडाला ने. उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या भिंतीजवळची रोमन सैन्याची छावणी, १९७३ पासून तिथे शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी चिठ्ठ्या सापडताहेत. त्यातली एक म्हणजे साधारण इ.स. १०० च्या सुमाराला क्लाउदिआ सेवेराने मैत्रिणीला, सुल्पिकिआ लेपिदिनाला, धाडलेलं वाढदिवसाचं आमंत्रण. मजकूर लेखनिकाचा, शेवटच्या ओळी तिच्या स्वतःच्या हातच्या. अक्षर लागणं कठीण, तरी फोटो दाखव आणि सगळ्यांना अशीच चिठ्ठी लॅटिनमधे लिहू दे.

ग्रीक लगेच नको, पण लिपी खुशाल शिकव. २४ अक्षरं, पोरांना गुप्त लिपीसारखी आवडतात, स्वतःची नावं लिहिता लिहिता येऊन जातात. फसवणारी तेवढी वेगळी काढ, पी सारखं दिसणारं अक्षर र आहे, एच सारखं दिसणारं दीर्घ ए. बाय द वे, अथेन्सच्या जुन्या उच्चारात फी, थीटा, खी ही अक्षरं म्हणजे आपले सरळ फ, थ, ख, इथल्या मास्तरांना त्यासाठी जीभ वळवावी लागते, तुला फुकटात मिळालंय. पण वर्गात शाळेचा उच्चार असेल तोच ठेव, उगाच गोंधळ नको.

जीसीएसई, म्हणजे इथली दहावीसारखी परीक्षा, खूप पुढे, सोळाव्या वर्षी. बोर्डाप्रमाणे थोडं कमी-जास्त, पण ४५० च्या आसपास शब्दांची ठरलेली यादी असते, रोज पाच-पाच शब्द केले तर ओझं वाटत नाही. साहित्याच्या पेपरला मात्र बरीच मुलं रोमन कवी व्हर्जिलच्या ओळींचं इंग्रजी भाषांतर घोकून जातात आणि मार्कही मिळवतात. मला ते बघवत नाही, पण परीक्षाच तशी आहे. तुझ्या क्लबला परीक्षा नाही, त्याचा फायदा घे.

पहिल्या तासाचा प्लॅन रविवारपर्यंत पाठव. तक्ता दिसला तर खोडणार आहे.