मान्यता, संलग्नता, सदस्यत्व, समावेश

पणजीतल्या एका मराठी दैनिकाच्या क्रीडा पानासाठी भाषांतर करणाऱ्या भगिनींचा प्रश्न आहे. हिवाळी ऑलिंपिकवरच्या मजकुरात त्यांनी लिहिलं होतं, "2021 साली आंतरराष्ट्रीय स्की-गिर्यारोहण महासंघाला ऑलिंपिकची मान्यता मिळाली." उपसंपादकांनी 'मान्यता' खोडून 'संलग्नता' केलं. दोघांपैकी कोणाचं बरोबर, आणि 'गव्हर्निंग बॉडी'ला काय म्हणावं, असं त्या विचारतात.

तिथे दोन्ही शब्द बसत नाहीत. 2021 साली जे घडलं त्याला 'समावेश' म्हणतात. मान्यता त्याआधीच मिळालेली होती, आणि संलग्नतेचा इथे संबंधच नाही. मान्यता, संलग्नता, सदस्यत्व आणि समावेश या चौघांतला फरक लक्षात यायला या खेळाचा कारभार कसा वाढला ते पाहावं लागेल.

आधी खेळ. पायात स्की घालून बर्फाचा चढ चढायचा आणि त्याच स्कीवरून खाली यायचं. चढताना स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवतात. पुढे सरकताना त्यांचे केस आडवे पडतात, मागे घसरू लागलं की उभे राहून बर्फात रुततात. पूर्वी त्या सीलच्या कातड्याच्या असत, म्हणून आजही त्यांना 'स्किन' म्हणतात. मध्येच एखाद्या तीव्र टप्प्यावर स्की काढून पाठीवरच्या पिशवीला अडकवायचे आणि बुटांनी पायऱ्या चढायच्या. माथ्यावर पट्ट्या ओरबाडून सूटच्या आत कोंबायच्या, बुटांची टाच बांधायची आणि उतार धरायचा. स्प्रिंट प्रकारात हे सगळं तीनेक मिनिटांत उरकतं. काढ-घाल करण्याच्या जागी पंच उभे असतात. तिथे चूक झाली तर दंड होतो. कोणत्या चुकीला किती दंड हे जिने ठरवायचं, त्या संस्थेबद्दलच आपला प्रश्न आहे.

गिर्यारोहण संस्थांची आंतरराष्ट्रीय संघटना, यूआयएए, 1932 साली फ्रान्समधल्या शामोनी इथे स्थापन झाली. स्की-गिर्यारोहणाच्या शर्यती आधी तिच्याच छत्राखाली होत्या आणि त्यासाठी तिच्यात एक वेगळी परिषद होती. 2008 साली त्या परिषदेच्या जागी स्वतंत्र महासंघ उभा राहिला, तो आंतरराष्ट्रीय स्की-गिर्यारोहण महासंघ, म्हणजेच आयएसएमएफ. त्याचं मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये लोझानला आहे, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्याच गावात. स्कीच्या इतर शर्यतींची संघटना, एफआयएस, 1924 पासूनची, पण हा खेळ तिच्याकडे गेला नाही. पायात स्की असले तरी त्याचं कूळ गिर्यारोहणाचं. म्हणून 'हिमघसरण' वगैरे नवे शब्द न घडवता 'स्की-गिर्यारोहण' लिहावं. मथळ्यात खेळाडूंच्या तोंडचं 'स्कीमो' चालेल.

या महासंघाला ऑलिंपिक समितीने 2014 साली तात्पुरती आणि 2016 साली पूर्ण मान्यता दिली. मान्यता म्हणजे एवढंच की या खेळाची जागतिक संस्था म्हणून समिती तुम्हाला ओळखते. त्यातून स्पर्धेत जागा आपोआप मिळत नाही. 2020 च्या लोझान युवा हिवाळी ऑलिंपिकमध्ये हा खेळ खेळवला गेला. पुढे जुलै 2021 मध्ये टोकियोच्या अधिवेशनात समितीने 2026 च्या मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिंपिकसाठी त्याला मंजुरी दिली: पुरुषांची स्प्रिंट, महिलांची स्प्रिंट आणि मिश्र रिले, स्थळ बोर्मिओ. हा झाला समावेश. मान्यता संस्थेला मिळते, समावेश खेळाचा होतो. वाक्याचा कर्ताच बदलतो, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा शब्द टाकला की अर्थ बिघडतो.

गोव्याच्या वाचकाला हे नवं वाटू नये. कोकणीला साहित्य अकादमीची मान्यता 1975 साली मिळाली आणि घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश 1992 साली झाला. या दोन तारखांची गल्लत आपल्याकडे कोणी केली, तर दुसऱ्या दिवशी संपादकांकडे पत्रं येतील. खेळाच्या बातमीलाही तीच काटेकोर नजर लावावी, असं मला मनापासून वाटतं.

मान्यता आहे पण समावेश नाही, याचं ठळक उदाहरण बुद्धिबळ. फिडे या जागतिक महासंघाला ऑलिंपिक समितीची मान्यता 1999 पासून आहे. त्याच फिडेचा विश्वचषक 2025 साली गोव्यात झाला. तरी ऑलिंपिकच्या कार्यक्रमात बुद्धिबळ नाही. उलट उदाहरण मुष्टियुद्धाचं. समितीने आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध संघटनेची मान्यता 2019 साली निलंबित केली आणि जून 2023 मध्ये काढून घेतली. पण 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्ध झालंच, समितीने ते स्वतःच्या देखरेखीखाली घेतलं. संस्थेची मान्यता गेली, खेळाचा समावेश राहिला. तुमच्या मूळ वाक्यातल्यासारखं 'ऑलिंपिकची मान्यता' लिहिलं तर ही बातमी मराठीत सांगताच येणार नाही. शिवाय ऑलिंपिक ही स्पर्धा आहे. मान्यता देते ती समिती.

आता उपसंपादकांचं 'संलग्न'. हा शब्द खालून वर पाहणारा आहे. गोव्यातली महाविद्यालयं आधी मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती, 1985 मध्ये गोवा विद्यापीठ सुरू झाल्यावर त्याच्याशी झाली. संलग्न संस्था आपला कारभार आपण करते, पण परीक्षा, पदवी, नियम वरच्या संस्थेचे. राज्य संघटना राष्ट्रीय महासंघाशी संलग्न असते, हे बरोबर. आयएसएमएफ मात्र ऑलिंपिक समितीशी संलग्न म्हणता येणार नाही, कारण शर्यतीचे नियम तो स्वतः करतो. प्रत्यय 'शी' लावावा. आणि 'संलग्नित' कृपया लिहू नका. भग्न, मग्न यांच्यासारखंच 'लग्न' हे मुळात संस्कृत भूतकालवाचक विशेषण आहे, त्याला पुन्हा 'इत' जोडायची गरज नाही. नाम हवं तर 'संलग्नता'.

सदस्यत्व आणखी निराळं. आयएसएमएफचे सदस्य खेळाडू नसतात, देशोदेशीच्या राष्ट्रीय संस्था असतात. त्या एका साच्याच्याही नाहीत: स्वित्झर्लंड आणि जर्मनीत हा खेळ अल्पाइन क्लब पाहतात, इटलीत हिवाळी क्रीडा महासंघ. तेव्हा 'इटलीचा स्की-गिर्यारोहण महासंघ' असं अंदाजाने लिहू नये.

इथे फुटबॉलची आठवण काढायलाच हवी. ऑगस्ट 2022 मध्ये फिफाने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला त्रयस्थांच्या हस्तक्षेपाच्या कारणावरून निलंबित केलं. सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक तोंडावर होता आणि गोव्यातलं फातोर्डाचं मैदान यजमानांपैकी एक होतं. तेव्हा 'भारताची मान्यता रद्द' असं सर्रास बोललं गेलं. रद्द काहीच झालं नव्हतं, आणि निलंबन भारताचं नव्हे, महासंघाचं होतं. पंधरवड्याच्या आत ते उठलं आणि ऑक्टोबरमध्ये फातोर्डावर उपान्त्य सामनेही झाले. निलंबित केलेलं पूर्ववत होऊ शकतं. रद्द झालेल्यासाठी पहिल्यापासून अर्ज करावा लागतो. त्या दिवसांत गोव्यातल्या फुटबॉलवेड्या घरांत काय घालमेल झाली असेल याचा विचार केला, तर शब्द जपून वापरण्याचं कारण वेगळं सांगायला नको.

क्रियापदंही याच ओघात सांभाळावीत. मान्यता देतात, निलंबित करतात आणि काढून घेतात. सदस्यत्व देतात, निलंबित करतात, रद्द करतात. खेळाचा समावेश करतात किंवा तो वगळतात. 'समावेश रद्द केला' कानाला खटकतं ते यामुळेच.

राहिली 'गव्हर्निंग बॉडी'. 'शासी निकाय' हिंदीतून येतं, मराठी वाचक तिथे अडखळतो. 'प्रशासकीय मंडळ' म्हणजे संस्थेच्या आतली समिती. क्रिकेटच्या बातम्यांत 'शिखर संस्था' रुळलं आहे आणि मला ते आवडतं, पण गिर्यारोहणाच्या मजकुरात शिखर हा शब्द पदोपदी खऱ्या अर्थाने येणार, तिथे वाचकाचा गोंधळ होईल. अशा ठिकाणी 'नियामक संस्था' लिहावं.

तुमचं वाक्य मी असं करीन: "आंतरराष्ट्रीय स्की-गिर्यारोहण महासंघाला ऑलिंपिक समितीने 2016 साली पूर्ण मान्यता दिली आणि 2021 साली या खेळाचा मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिंपिकमध्ये समावेश केला." जागा कमी असेल तर पहिला अर्धा भाग गाळा. 'समावेश' मात्र ठेवा.