'कॉरस्केट' म्हणजे चमकणे खरे, पण कसले?

गोव्यातल्या मंगेशीच्या देवळातल्या दीपस्तंभावरचे दिवे 'कॉरस्केट' होत होते, असे इंग्रजी निबंधात लिहिले तर चालेल का, हा तुमचा प्रश्न. व्याकरण अडवणार नाही, पण चित्र चुकेल.

शब्द मूळचा लॅटिन. तिथे 'कोरुस्कारे' म्हणजे थरथरणे, शस्त्र परजणे आणि लकाकणेही. तलवार परजली की पात्यावर ऊन लखकन उठते आणि विझते, तेच हे चमकणे. प्रकाश हलता हवा, तुटक हवा, डोळे दिपवणारा हवा. तेलाच्या दिव्यात तेवढा आवेश कुठला? लांबून ते लुकलुकतात, वारा आला की ज्योती फडफडतात. त्यांना 'ट्विंकल' किंवा 'फ्लिकर' पुरे. गाभाऱ्यातली समई तर शांत तेवते, तिथे साधे 'ग्लो'. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर भर दुपारी लाटांवर जी लखलख उठते, तिला मात्र 'कॉरस्केट' खुशाल म्हणा. दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याच्या अंगावरचा चमकीचा कागद झोतात आला की त्यालाही शोभेल.

घरात पोर्तुगीज शिकलेले कोणी वडीलधारे असेल तर त्यांना 'कोरिश्कु' विचारा. आकाशातून कोसळणारी वीज! शब्द त्याच कुळातला, आणि माझ्या मते कोशातल्या व्याख्येपेक्षा याने अर्थ लवकर डोक्यात बसतो.

उच्चारात जोर पहिल्या अक्षरावर. क्रियापद अकर्मक आहे: समुद्र 'कॉरस्केट' होतो, सूर्य समुद्राला 'कॉरस्केट' करत नाही. प्रत्यक्षात बहुधा 'कॉरस्केटिंग' हे विशेषणच भेटते, तेही तल्लख विनोदबुद्धीला किंवा वादनातल्या चमकदार हाताला लावलेले.

एक घोळ इंग्रजी वर्तमानपत्रांतही दिसतो. जहाल टीकेला 'कॉरस्केटिंग अटॅक' म्हणतात. तिथे खरा शब्द 'एक्स्कोरिएटिंग', म्हणजे आपल्याकडचे सालटी काढणे. त्याच्या मुळाशी कातडीच आहे. पण हा वापर आता इतका रुळलाय की कोणाला टोकत बसण्यात अर्थ नाही. तुम्ही स्वतः लिहू नका, एवढेच.

भारदस्तच काही हवे असेल तर 'एफल्ज' आहे, पण त्याचे तेज अखंड ओसंडणारे, देवाच्या प्रभावळीसारखे. आणि क्रियापदापेक्षा 'एफल्जन्स' हे नामच अधिक चालते. 'फल्गरेट'च्या वाटेला जाऊ नका. तेही विजेवरूनच आलेले, पण आता डॉक्टरांच्या ताब्यात आहे: विजेच्या ठिणगीने शरीरातला नको तो भाग जाळणे.